यामाहाच्या गॅरेजमधली भिंत

मोटरसायकल शर्यतींच्या जगात रायडरला सगळ्यात आधी हरवायचा असतो तो स्वतःच्याच संघातला जोडीदार. दुसऱ्या कंपनीच्या रायडरकडून हार झाली तर कारणे सांगता येतात: त्यांचे इंजिन जास्त ताकदीचे होते, टायर चांगले होते, चासी नवी होती. जोडीदाराची मोटरसायकल मात्र आपल्याच कारखान्यातून, आपल्याच इंजिनियरांच्या हातून आलेली असते. तिथे हरणाऱ्याला सबबीचा आधार उरत नाही. इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी आणि स्पेनचा होर्हे लॉरेन्झो हे दोघे यामाहाच्या कारखाना संघात आधी २००८ ते २०१० आणि नंतर २०१३ ते २०१६ अशी सात वर्षे एकत्र होते. या सात वर्षांची आठवण निघते ती बहुतेक वेळा भांडणांची: गॅरेजच्या मधोमध घातलेली भिंत, पत्रकार परिषदांतले टोमणे, २०१५ च्या अखेरीस थेट क्रीडा लवादापर्यंत गेलेला वाद. दोन मोठे रायडर एका संघात ठेवून यामाहाने चूक केली, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. मला तो मान्य नाही. या स्पर्धेनेच यामाहाला तिचा अलीकडचा सर्वांत वैभवाचा काळ दिला, आणि ज्या भिंतीला सगळे दुफळीची खूण मानतात तिनेच ही स्पर्धा पहिली तीन वर्षे टिकू दिली, असे मला पुराव्यांवरून दिसते.

आधी पार्श्वभूमी पाहू. सर्वोच्च गटातले विजेतेपद यामाहाने १९९२ मध्ये वेन रेनीच्या जोरावर मिळवले आणि त्यानंतर तब्बल बारा वर्षे ते तिच्या हाती लागले नाही. २००४ मध्ये रॉसी होंडा सोडून यामाहाकडे आला, सोबत क्रू चीफ जेरेमी बर्जेसला घेऊन आला, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकमची पहिलीच शर्यत त्याने जिंकली. यामाहाचे प्रमुख इंजिनियर मासाओ फुरुसावा यांनी एम-१ या मोटरसायकलच्या इंजिनाची मुळापासून फेरमांडणी केली होती. रॉसीने त्या मोटरसायकलवर २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. पण २००६ मध्ये वालेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत तो पडला आणि निकी हेडनने पाच गुणांनी बाजी मारली. २००७ मध्ये डुकाटीवरच्या केसी स्टोनरने दहा शर्यती जिंकून सगळ्यांनाच मागे टाकले, रॉसी तिसरा राहिला. रॉसी तिशीकडे झुकला होता आणि फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीच्या चाचण्याही देऊन आला होता. उद्याचा रायडर आजच हाताशी असावा, असे कंपनीला वाटणे साहजिक होते. तो रायडर २५० सीसी गटात २००६ आणि २००७ ची विजेतेपदे जिंकून दारात उभा होता. मायोर्काचा लॉरेन्झो रॉसीपेक्षा आठ वर्षांनी लहान होता आणि आपण कोणाचे वारस म्हणून नाही, जिंकायला आलो आहोत, हे तो पहिल्या दिवसापासून वागण्यातून दाखवत होता.

भिंत आली ती मात्र टायरमुळे. २००७ मध्ये स्टोनरच्या यशात ब्रिजस्टोन टायरांचा मोठा वाटा होता, आणि मिशेलिन वापरणाऱ्या रॉसीने २००८ साठी ब्रिजस्टोनचा हट्ट धरून तो पुरा करून घेतला. लॉरेन्झो मिशेलिनवरच राहिला. आता एकाच गॅरेजमध्ये दोन प्रतिस्पर्धी टायर कंपन्यांचे तंत्रज्ञ काम करणार होते. कोणत्या वळणावर टायर किती तापतो, किती लॅपनंतर पकड सुटते, ही माहिती म्हणजे त्या धंद्याचे गुपित. ती इकडची तिकडे जाऊ नये म्हणून मधोमध आडोसा उभारला गेला. एकाच कंपनीचे नाव रंगवलेल्या त्या जागेत दोन स्वतंत्र संघ झाले. रॉसीकडे बर्जेस आणि त्याची जुनी मंडळी, लॉरेन्झोकडे क्रू चीफ रामोन फोर्काडा. २००९ मध्ये सर्वांना एकट्या ब्रिजस्टोनचेच टायर मिळू लागले. भिंतीचे तांत्रिक कारण तिथे संपले, भिंत मात्र तशीच राहिली. म्हणून लोक तिला वैराचे चिन्ह म्हणू लागले. मला तीत एक व्यवहारी शहाणपण दिसते: दोघेही एकाच विजेतेपदाचे दावेदार असतील तर त्यांना जबरदस्तीने मित्र करण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचे अंगण द्यावे.

पहिल्या वर्षी लॉरेन्झोने जे केले ते कोणा नवख्याने क्वचितच केले असेल. कतार, हेरेझ आणि एस्टोरिल या पहिल्या तिन्ही शर्यतींत पोल पोझिशन त्याची होती, आणि एस्टोरिलला तो जिंकला. तेव्हा त्याला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढच्याच शर्यतीच्या सरावात, शांघायला, मागचे चाक घसरून एकदम पकड घेतल्याने मोटरसायकलने त्याला हवेत भिरकावले. दोन्ही घोट्यांना दुखापत झाली, तरी शर्यतीत तो चौथा आला. त्यानंतरही तो पडतच राहिला, आणि वर्षअखेरीस १९० गुणांसह चौथा राहिला. रॉसीने त्या वर्षी नऊ शर्यती जिंकल्या, ३७३ गुण मिळवले आणि तीन वर्षांनी विजेतेपद परत आणले. २००८ च्या आकड्यांत रॉसी पुष्कळ पुढे दिसतो. पण वेगाच्या बाबतीत शेजारचा मुलगा आपल्या जवळपास आहे, हे रॉसीने तेव्हाच ओळखले असावे. पुढच्या वर्षीची त्याची शर्यत त्या जाणिवेची साक्ष देते.

ती शर्यत म्हणजे १४ जून २००९ ची बार्सिलोनाजवळची कातालुन्या ग्रां प्री. दोघांच्या स्वभावातला आणि कसबातला फरक या एका शर्यतीत जितका स्पष्ट दिसतो तितका वर्षभराच्या गुणतक्त्यातही दिसत नाही. लॉरेन्झोची ताकद वळणाच्या मध्यावर होती. मोटरसायकल पूर्ण झुकलेली असतानाही तो वेग सोडत नसे, एका लॅपची रेषा दुसऱ्या लॅपला तंतोतंत गिरवत असे, आणि सुरुवातीलाच पुढे निघाला की मागच्यांना त्याच्याजवळ पोचणेही कठीण होई. रॉसीची ताकद वळणाच्या तोंडाशी होती. इतरांनी ब्रेक दाबल्यावरही क्षणभर थांबून तो दाबायचा, आतली बाजू पकडायची, आणि समोरच्याला रेषा बदलायला लावायची. त्या दिवशी शेवटच्या लॅप्समध्ये दोघांनी एकमेकांना पुनःपुन्हा ओलांडले. अखेरच्या वळणाकडे येताना लॉरेन्झो पुढे होता. त्या वळणावर कोणी कोणाला ओलांडत नाही, असाच तोवरचा समज होता. तिथे वेग मोठा आणि वाट एकच, म्हणून लॉरेन्झोने आतली बाजू पूर्ण झाकली नव्हती. रॉसी तिथूनच आत शिरला. समाप्तीरेषेवर दोघांत अंतर होते ०.०९५ सेकंद. या निकालानंतर रॉसी, लॉरेन्झो आणि स्टोनर या तिघांचेही गुण बरोबर १०६ झाले. पुढे झाखसेनरिंगलाही रॉसीने लॉरेन्झोला एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी फरकाने हरवले. वर्षअखेरीस रॉसीचे ३०६ गुण होते आणि लॉरेन्झोचे २६१. कारकिर्दीतले नववे विश्वविजेतेपद रॉसीने जोडीदारालाच मागे टाकून मिळवले. शेजारी लॉरेन्झो नसता तर रॉसीला कातालुन्यासारखी शर्यत चालवावी लागली असती का, याचा विचार यामाहाला दोष देणाऱ्यांनी जरूर करावा.

रॉसीची तक्रार वेगळीच होती, आणि तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. त्याच्या मते एम-१ ही त्याने घडवलेली मोटरसायकल होती. २००४ पासून चाचण्या घेऊन, इंजिनियरांशी वाद घालून, दोन वर्षे हरून त्याने ती या पदाला आणली, आणि लॉरेन्झोला ती आयती मिळाली. शेवटी यामाहाला दोघांपैकी एकाची निवड करावी लागेल, असे तो उघड सुचवू लागला. पण कारखान्याच्या दृष्टीने मोटरसायकल कोणा एका रायडरची नसते. शिवाय निवड वरून लादली की काय होते, हे यामाहाच्याच इतिहासात नोंदलेले होते. १९६८ मध्ये कंपनीने फिल रीड आणि बिल आयव्ही या दोन ब्रिटिश जोडीदारांत विजेतेपदे आधीच वाटून दिली होती: १२५ सीसी रीडला, २५० सीसी आयव्हीला. रीडने १२५ चे विजेतेपद हाती येताच हुकूम झुगारला आणि २५० साठीही जीव तोडून गाडी चालवली. दोघांचे गुण सारखे झाले, शर्यतींच्या एकूण वेळांची बेरीज करून निकाल लावला गेला, आणि दोन्ही विजेतेपदे रीडकडे गेली. वाटणी करूनही कटुता टळली नाही. उलट जिंकणे आणि हरणे दोन्ही संशयास्पद झाले. २००८ नंतर यामाहाने वाटणी केली नाही. दोघांना सारखी मोटरसायकल दिली, मध्ये भिंत ठेवली, आणि निकाल शर्यतीवर सोडला. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

२०१० ची सुरुवात रॉसीने कतार जिंकून केली. त्यानंतर मोटोक्रॉसचा सराव करताना त्याचा खांदा दुखावला, आणि ५ जूनला मुजेल्लोच्या सरावात तो पडून उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले. कारकिर्दीत तोवर त्याने एकही ग्रां प्री चुकवली नव्हती, आता सलग चार चुकल्या. एकेचाळीस दिवसांत तो झाखसेनरिंगला परतला आणि चौथा आला. ऑगस्टमध्ये त्याने पुढच्या वर्षी डुकाटीकडे जात असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये मोतेगीला तिसऱ्या जागेसाठी दोघांनी मोटरसायकलीला मोटरसायकल घासत अशी झुंज दिली की विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लॉरेन्झोने नंतर उघड नाराजी बोलून दाखवली. रॉसी तिसरा, लॉरेन्झो चौथा. आठवडाभरात सेपांगला लॉरेन्झो विश्वविजेता झाला आणि ती शर्यत मात्र रॉसीने जिंकली. इथे नेहमीचा आक्षेप येतो: रॉसीचा पाय मोडला नसता तर हे विजेतेपद लॉरेन्झोला मिळाले नसते. गुणतक्ता तसे सांगत नाही. अपघाताआधीच्या तीन शर्यतींनंतर लॉरेन्झोचे ७० गुण होते, रॉसीचे ६१. वर्षाअखेरीस लॉरेन्झोचे ३८३ झाले, तेव्हाचा उच्चांक, आणि रॉसीचे २३३. चुकलेल्या चारही शर्यती रॉसीने जिंकल्या असत्या असे धरून त्याच्या खात्यात पुरे १०० गुण घातले तरी बेरीज ३३३ होते. दुखऱ्या खांद्याने आणि नुकत्याच सांधलेल्या पायाने त्याच्या उरलेल्या शर्यतींवरही परिणाम केला, हे खरे आहे. पण अठराच्या अठरा शर्यती पूर्ण करून एकदाही चौथ्याच्या खाली न गेलेल्या रायडरचे यश दुसऱ्याच्या दुखापतीने समजावता येत नाही.

ताटातुटीच्या दोन वर्षांबद्दल थोडक्यात सांगता येते. रॉसीला डुकाटीवर एकही शर्यत जिंकता आली नाही. लॉरेन्झोने २०१२ मध्ये यामाहासाठी आणखी एक विजेतेपद मिळवले. २०१३ मध्ये रॉसी परतला तेव्हा मोटरसायकल आणि संघ दोन्हींवर लॉरेन्झोची छाप होती, आणि गॅरेजमध्ये भिंत नव्हती. त्या वर्षी असेनला लॉरेन्झोचे कॉलरबोन मोडले. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, शस्त्रक्रिया करून परत आला आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा आला. ती शर्यत रॉसीने जिंकली, दोन वर्षांहून अधिक काळानंतरचा त्याचा पहिला विजय. लॉरेन्झोचे विजेतेपद मात्र होंडाच्या मार्क मार्केझने अवघ्या चार गुणांनी हिरावले. रॉसीने मग एक धाडसी गोष्ट केली: चौदा वर्षांचा सोबती बर्जेस बदलून सिल्वानो गाल्बुसेराला आणले, स्वतःची बसण्याची आणि वळण घेण्याची पद्धत पस्तिशीत नव्याने शिकला, आणि २०१४ मध्ये लॉरेन्झोच्या पुढे, एकूण दुसरा आला.

मग आले २०१५. पहिल्या तीन शर्यतींनंतर रॉसी ६६, लॉरेन्झो ३७. त्यानंतर लॉरेन्झोने हेरेझ, ल मान्स, मुजेल्लो आणि कातालुन्या सलग जिंकल्या आणि फरक एका गुणावर आणला. ब्र्नोनंतर दोघेही बरोबर २११ वर. रॉसी पहिल्या बाराही शर्यतींत पहिल्या तिघांत होता, लॉरेन्झो कधी अजिंक्य तर कधी चौथा-पाचवा. सिल्व्हरस्टोनच्या पावसात रॉसी जिंकला, मिसानोच्या ओल्यासुक्या शर्यतीत लॉरेन्झो पडला, आणि रॉसीची आघाडी २३ गुणांची झाली. मिसानोतच आणखी एक घटना घडली, जिच्याकडे तेव्हा फार कोणी लक्ष दिले नाही. पात्रता फेरीत रॉसी शर्यतीच्या रेषेवर संथ चालत होता, मागून वेगात येणाऱ्या रायडरला त्याचा अडथळा झाला, आणि शर्यत संचालकांनी रॉसीला एक दंडगुण दिला. अडथळा झालेला रायडर लॉरेन्झो होता. दंडगुण चार झाले की पुढची शर्यत सर्वांत मागून सुरू करायची, असा तेव्हाचा नियम होता.

फिलिप आयलंडनंतर रॉसीकडे ११ गुणांची आघाडी होती. सेपांगच्या पत्रकार परिषदेत त्याने मार्केझवर थेट आरोप केला की तो लॉरेन्झोला मदत करतो आहे. २५ ऑक्टोबरच्या शर्यतीत रॉसी आणि मार्केझ यांच्यात अनेक लॅप्स ओलांडाओलांडी चालली. शेवटी एका उजव्या वळणावर रॉसीने मुद्दाम बाहेरची रेषा घेत मार्केझला कडेला रेटले, दोघे एकमेकांना भिडले आणि मार्केझ पडला. रॉसी तिसरा आला आणि त्याला तीन दंडगुण मिळाले. एकट्या त्या तीनांनी त्याची सुरुवातीची जागा गेली नसती. मिसानोचा एक मिळून चार झाले. त्याने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे शिक्षेला स्थगिती मागितली. त्या प्रकरणात पक्षकार होण्यासाठी लॉरेन्झोनेही अर्ज केला. एकाच संघाचे दोन रायडर एका लवादासमोर परस्परविरोधी उभे राहू पाहत होते. लवादाने लॉरेन्झोचा अर्ज नाकारला आणि ५ नोव्हेंबरला रॉसीची स्थगितीची मागणीही फेटाळली. ८ नोव्हेंबरला वालेन्सियात लॉरेन्झो पोलवरून निघाला आणि तीसही लॅप्स पुढे राहून जिंकला. रॉसी सव्विसाव्या जागेवरून चौथ्या जागेपर्यंत आला. लॉरेन्झो ३३०, रॉसी ३२५.

या विजेतेपदावर मार्केझने दिलेली भेट असा शिक्का मारणारे आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. वालेन्सियात मार्केझ अखेरपर्यंत लॉरेन्झोच्या मागे दुसरा होता आणि त्याने त्याला गंभीरपणे आव्हान दिले नाही. सेपांगला रॉसीशी झुंजताना मात्र तो इरेला पेटला होता. या दोन दृश्यांची तुलना कोणाच्याही मनात शंका निर्माण करील. पण फिलिप आयलंडला याच मार्केझने शेवटच्या लॅपमध्ये लॉरेन्झोला मागे टाकून त्याचे पाच गुण कमी केले होते. लॉरेन्झोला मदत करू पाहणारा रायडर हे का करील? त्यापलीकडे आकडे आहेत. लॉरेन्झोने त्या वर्षी सात शर्यती जिंकल्या, रॉसीने चार. लॉरेन्झो जिंकला असता रॉसीला वालेन्सियात दुसरे यावेच लागले असते, तिसऱ्या जागेचे गुणही दोनने कमी पडले असते. वर्षभर शनिवारच्या पात्रता फेरीत वारंवार मागे पडणाऱ्या रॉसीला, नेहमीच्या जागेवरून सुरुवात करूनही, लॉरेन्झो आणि दोन्ही होंडांच्या मध्ये शिरणे सोपे नव्हते. सेपांगला तोल गेला तो रॉसीचा, आणि चारांची बेरीज पुरी करणारा मिसानोचा दंडगुण आला होता तो जोडीदाराच्या वाटेत आल्यामुळे. २०१५ चे विजेतेपद लॉरेन्झोने स्वतः मिळवले, यात मला शंका वाटत नाही.

या स्पर्धेची किंमत यामाहाने मोजली, हा शेवटचा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. रॉसी २०१० नंतर गेला आणि लॉरेन्झो २०१६ नंतर, दोघेही डुकाटीकडेच. २०१५ च्या विजयाचा आनंद संघाला मोकळेपणाने साजराही करता आला नाही. पण किमतीच्या समोर मिळकतही मांडली पाहिजे. २००८, २००९, २०१० आणि २०१५ या चारही वर्षी रायडर, संघ आणि उत्पादक ही तिन्ही विजेतेपदे यामाहाकडे होती, आणि चारही वर्षी हे दोघे शेजारी शेजारी होते. लॉरेन्झो गेल्यावर पुढची चार वर्षे यामाहाला रायडरचे विजेतेपद मिळाले नाही. ते २०२१ मध्ये फाबियो क्वार्तारारोने मिळवले. लॉरेन्झो तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, आणि रॉसीने त्याच वर्षाच्या अखेरीस वालेन्सियात शेवटची शर्यत चालवली.

दोघांत श्रेष्ठ कोण, हे त्या सात वर्षांच्या आधारे ठरवायचे तर निकाल लागत नाही. विजेतेपदे दोघांची दोन-दोन. गुणतक्त्यात चार वेळा रॉसी पुढे, तीन वेळा लॉरेन्झो. शर्यतींच्या विजयांत लॉरेन्झो ३५, रॉसी २६. त्या सात वर्षांतल्या १२५ शर्यतींपैकी ६१ या दोघांनी मिळून यामाहासाठी जिंकल्या.